वर्ण गोरा, टॅली येते

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्स व टायपिंगच्या दुकानात घडणाऱ्या पुढील संवादात पुण्याच्या एका कंपनीत लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज करू पाहणारा बी.कॉम. उमेदवार, आस्थापना शाखेतून, म्हणजे नेमणुका, बदल्या व रजा यांची दप्तरे सांभाळणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालेले गृहस्थ आणि दुकानदार अशी तीन पात्रे आहेत. पैकी दुकानदारांचा दर पानावर असल्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानता येत नाही.

निवृत्त गृहस्थ : या बायोडाट्याच्या माथ्यावर श्रीगणेश, त्याखाली उंची, वर्ण, रक्तगट व मामांचे गाव असून टॅलीचा, म्हणजे हिशेब ठेवण्याच्या संगणकप्रणालीचा, उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तेव्हा अर्ज नोकरीसाठी आहे की स्थळासाठी, याचा खुलासा आधी व्हावा.

उमेदवार : नमुना ताईच्या लग्नातला आहे हे खरे, पण पहिल्याच स्थळाकडून होकार आल्यामुळे तो गुणकारी ठरलेला आहे, आणि ‘अपेक्षा’ खोडून तेथे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ घातलेले आहे.

दुकानदार : ते ऑब्जेक्टिव्ह दुकानाचेच असून शिपायापासून इंजिनिअरपर्यंत कोणालाही चालते.

निवृत्त गृहस्थ : म्हणूनच ते काढावे. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएसमधून, म्हणजे आलेल्या अर्जांची नोंद ठेवून त्यांतील शब्द जाहिरातीशी ताडण्याची सोय असलेल्या प्रणालीतून, जातात. जाहिरातीत जीएसटी, टॅली आणि बँक ताळमेळ मागितलेला असताना ‘आव्हानात्मक वातावरणात सर्वांगीण प्रगती’ शोधणारा मनुष्य कोणत्या रकान्यात बसवावा, हे यंत्रालाही उमगत नाही आणि माणसालाही नाही. बरे, अनुभव?

उमेदवार : सांगण्यासारखा नाही, पदवीनंतर पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानोदुकानी फिरून घेतली जाणारी रोजची छोटी ठेव, गोळा करण्यात दोन वर्षे गेली. रोज सव्वाशेच्या आसपास खातेदार होतात.

निवृत्त गृहस्थ : आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही तर?

उमेदवार : जुळेपर्यंत घरी जाता येत नाही. एकदा रोकड ५० रुपयांनी जास्त निघाली, तेव्हा सगळ्या पावत्या पुन्हा लावल्यावर बसस्टँडवरच्या चहावाल्याची नोंद राहून गेल्याचे रात्री सापडले.

निवृत्त गृहस्थ : अहो, मग हे मामांच्या गावाच्या वर यायला हवे! लिहा : ‘रोज सुमारे १२५ खातेदारांची ठेव गोळा करून त्याच संध्याकाळी रोकड व नोंदी यांचा मेळ घातला.’ सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानचे सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यांच्याकडे काम मिळावे म्हणून लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे; त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने असे युद्धोपयोगी कसब आधी सांगून शिल्प व चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला आहे, कारण समोरच्याची गरज त्याने ओळखली होती.

दुकानदार : म्हणजे चित्रकला त्यांनीही छंदातच टाकली म्हणायची.

उमेदवार : तर मग ‘वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट’ राहू द्यावे का? क्रिकेट खरे आहे.

निवृत्त गृहस्थ : जे खरे आहे त्याचाही या जागेशी संबंध असावा लागतो. वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ ही प्रतिज्ञाही गाळावी; सरकारी अर्जात ठरलेला नमुना जसाच्या तसा भरावा लागतो, परंतु येथे ही माहिती कोणी मागितलेली नाही.

दुकानदार : दोन पानांचे एकच पान उरले, हे धंद्याच्या दृष्टीने बरे नव्हे. शिवाय या भ्रमणध्वनी क्रमांकात नऊच आकडे आहेत.

निवृत्त गृहस्थ : मग लिओनार्दो राहू द्या, आधी दहावा आकडा घाला आणि फाइल पीडीएफ करून पाठवा.