वसंतातली मधपेटी : नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन

पेटी घेतलीत, अभिनंदन. आता ती उघडायची.

महाबळेश्वरच्या रानात मार्चमध्ये जांभूळ फुलू लागतं आणि सातेरी माश्यांची वसाहत झपाट्याने वाढते. याच दिवसांत तुमचा उत्साहही वाढतो. माश्यांना आवरणं कठीण, स्वतःला आवरणं त्याहून कठीण. म्हणून पेटी रोज उघडा. पिलाव्यापाशी, म्हणजे अंडी-अळ्यांपाशी, त्यांनी 34-35 अंशांची ऊब जपलेली असते. तेव्हा झाकण निवांत बाजूला ठेवा, चौकटी एकेक उपसा आणि पाहुण्यांना राणी दाखवा. राणी दिसणार नाही. उद्या पुन्हा शोधा.

यूट्यूबवरचे परदेशी गृहस्थ वसंतात पिलाव्याच्या दोन कोठ्या एकावर एक रचून खालची वर, वरची खाली करताना दिसतील. त्यांच्या मेलिफेरा माश्या 10 चौकटींची लँगस्ट्रॉथ कोठी भरूनही उरतात. तुमची सातेरी लहान पेटीतल्या 8 चौकटींतही सुखाने मावते. पण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलाय ना? मग तीन चौकटींवरच्या माश्यांच्या डोक्यावर दुसरी कोठी चढवाच. माश्या ऊब राखण्यात गुंततील आणि मोकळ्या पोळ्यांवर मेणकिड्याची सोय होईल.

नवी चौकट जुने मधपाळ पिलाव्याच्या कडेला सरकवतात. तुम्ही बरोब्बर मधोमध घाला. मध्ये पिलावा, त्याला परागाची किनार, वर मध, अशी माश्यांनी लावलेली मांडणी त्याशिवाय मोडत नाही. पिल्लांची दोन बिऱ्हाडं झाली की त्याच मूठभर माश्यांनी दोन्हीकडे ऊब द्यायची.

पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखं काही लोंबताना दिसलं, तर ते राणीघर. वसाहत फुटायच्या बेतात आहे. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण 16 दिवस लागतात, पण राणीघराचं तोंड त्याच्या निम्म्या वेळातच बंद होतं आणि जुनी राणी बहुधा त्याच सुमारास थवा घेऊन निघते. म्हणून आज दिसलेलं राणीघर ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून सोडा. रविवारी माश्या निम्म्या, कामही निम्मं. (एवढं एक गंभीरपणे सांगतो : राणीघराची चौकट, थोडा पिलावा आणि त्यावरच्या माश्या दुसऱ्या पेटीत ठेवून वसाहत वेळीच विभागता येते. आता पुढे.)

मध काढताना वरच्या कोठीवर थांबू नका, खालचाही काढा. पावसाळ्यात त्या खातील काय, हा प्रश्न साखरेच्या पाकाचा आहे आणि साखर महाग आहे.

एवढं झाल्यावर सातेरी भांडत बसत नाही. उठते आणि जाते, सगळीच्या सगळी. मग स्टँडच्या पायांखालच्या वाट्या पाण्याने काठोकाठ भरा. रिकाम्या पेटीला निदान मुंग्या तरी लागणार नाहीत.