पंप धुतला का?

इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढणाऱ्याला पुदिन्याची चव सोडून आंब्याची घ्यायची असली की तो आधी तिची टाकी धुतो. बोटाएवढी टाकी. सुटी करायची, कोमट पाण्यात बुडवायची, रबरी कड्या वेगळ्या काढून चोळायच्या, सगळे भाग पूर्ण कोरडे होऊ द्यायचे आणि कापूस गुंडाळलेली तापणारी तार बदलून टाकायची. त्या कापसात आणि रबरात जुनी चव मुरलेली असते. पुदिना, दालचिनी, बडीशेप तर सहजासहजी निघतच नाहीत. हे बारकाईने शिकवणारे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने सापडतात. या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात हे सगळे भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. तरीही तिची टाकी कशी धुवावी हे नंदुरबार, शहादा, तळोद्यातल्या कुठल्याही पोराला घरबसल्या शिकता येते.

आता त्याच पोराच्या शेतावरची टाकी बघा. पाठीवरचा फवारणी पंप, पंधरा-सोळा लिटरचा. सोमवारी मक्यात तणनाशक मारले, गुरुवारी तोच पंप कपाशीत मावा-तुडतुड्यांवर निघाला. मधल्या दिवसांत त्याचे काय झाले? उरलेले पाणी बांधावर ओतले, फार तर एक बादली पाणी घालून हिसळले आणि पंप गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. हे कसे धुवायचे ते शेतकऱ्याला कोणी बसून, हातात पंप घेऊन, करून दाखवले? कंपनीच्या पुडक्यात घडी घातलेले पत्रक असते, पण त्यातली अक्षरे वाचायला भिंग लागते.

२,४-डी हे रुंद पानांच्या तणावरचे जुने, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे औषध. मका, ज्वारी, गहू, ऊस ही गवताच्या कुळातली पिके ते सहन करतात. कपाशी करत नाही. हे औषध झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते आणि रुंद पानाच्या झाडात शिरले की त्याची वाढ वेडीवाकडी करून टाकते. त्याला सगळ्यात हळव्या पिकांमध्ये कपाशीचा नंबर फार वरचा. मक्यात जेवढी मात्रा मारतात तिच्या शंभराव्या हिश्शाहून कमी अंश कपाशीवर पडला तरी नवी पाने अरुंद, लांबट, खोल चिरलेली निघतात. शेतकरी म्हणतात, पान भेंडीसारखे झाले. त्यात पाते लागण्याचा काळ असला तर पातेही गळते. पंधरा लिटरच्या टाकीचा शंभरावा हिस्सा म्हणजे दीडशे मिलिलिटर. एवढे पाणी नळीत, दांडीत आणि टाकीच्या तळाच्या खोबणीत सहज बसून राहते. टाकी उलटी केली तरी ते बाहेर पडत नाही, ते बाहेर पडते ते कपाशीवर.

मिरची आणि पपईलाही हे औषध सोसत नाही, आणि नंदुरबार-शहाद्याच्या शेतकऱ्याचा सगळा हिशेब याच तीन पिकांवर बसलेला. खरा घात तर पुढेच होतो. मिरचीचा शेंडा आखडलेला दिसला की पहिला संशय चुरडा-मुरड्यावर जातो. फुलकिडे असतील, कोळी असेल, विषाणू असेल. शेतकरी एक फांदी मोडून दुकानात नेतो, दुकानदार बघतो, एक औषध आणि वर एक टॉनिक देतो. दोन्ही घरी येतात आणि त्याच न धुतलेल्या पंपात भरली जातात. आठ दिवसांनी शेंडा आणखी आखडतो. मग तिसरे औषध. रोगाचे नाव पंप आहे, हे बिलाच्या एकाही पावतीवर दिसत नाही.

उसना पंप याहून धोक्याचा. शेजाऱ्याकडून पंप मागून आणणे ही खेड्यातली रोजची गोष्ट, त्यात गैर काहीच नाही. पण पंप देणाऱ्याने तो शेवटचा कशासाठी वापरला हे सांगितले पाहिजे आणि नेणाऱ्याने विचारलेच पाहिजे. बैल मागून आणताना त्याने चारा खाल्ला का हे आपण विचारतो. पंप देता-घेताना मात्र आतल्या औषधाचा विषयच निघत नाही.

धुण्याची रीत अवघड नाही, फक्त वेळ मागते. औषध शक्यतो शेतातच संपवायचे, कारण मोजून कालवले तर उरतच नाही. मग टाकी पाण्याने अर्धी भरायची, झाकण लावून चांगली हलवायची आणि ते पाणी ओतून न देता नोझलमधून फवारत बाहेर काढायचे. कुठे? ज्या पिकासाठी ते औषध होते त्याच शेतात. ओतलेल्या पाण्याने टाकी धुतली जाते, नळी आणि दांडी तशीच राहते. असे तीनदा. तणनाशक होते तर एवढ्यावर भागत नाही. २,४-डीचा एस्टर प्रकार तेलकट असतो, तो प्लास्टिकला आणि रबरी वायसरला चिकटून बसतो. त्यासाठी पाण्यात धुण्याचा सोडा किंवा कपडे धुण्याची पावडर घालून टाकी भरायची, थोडे पाणी नळी-दांडीतून फवारून घ्यायचे आणि बाकीचे रात्रभर आत राहू द्यायचे. सकाळी तेही फवारून काढायचे आणि पुन्हा साध्या पाण्याने दोनदा. गाळणी, नोझल, वायसर सुटे करून जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे. हातमोजे घालून. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही, कधीच नाही. जिथे पंप आहे तिथे ही सवय आहे, आणि ती विष थेट ओठांवर आणते.

आणि एवढे करूनही कपाशी, मिरची, पपई लावणाऱ्याने तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला लाल रंगाचा पट्टा मारावा आणि तो उसना देऊच नये. बॅटरीचा महागडा पंप कीटकनाशकाला ठेवा, तणनाशकाला हाताने मारायचा साधा पंपही पुरतो. एका एकराची कपाशी भेंडीसारखी झाली तर किती साधे पंप आले असते याचा हिशेब शेतकऱ्याला मी सांगायला नको.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा हातमोजे, चष्मा, मास्क यांची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण विष अंगावर येते ते फक्त फवारताना नाही. ते पंप धुताना येते, नोझल फुंकताना येते, गळक्या टाकीतून पाठीवर झिरपते. आणि धुणारा बऱ्याचदा मालक नसतो, रोजंदारीवरचा गडी असतो. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर १०० माणसांत सुमारे ६९ आदिवासी. पंप ज्याच्या पाठीवर, तो घरी पावरी बोलतो, मावची बोलतो, भिल्ली बोलतो. पत्रक मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत जहाल. ही चार रंगांची खूण तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या प्रत्येक आश्रमशाळेत शिकवता येईल. त्याला भाषा लागत नाही.

पोराच्या सिगारेटच्या टाकीचा विषय मी उगाच काढलेला नाही. तिच्यात निकोटीन असते. तंबाखूचा काढा माव्यावर मारण्याची रीत जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, निकोटीन सल्फेट तर एके काळी कीटकनाशक म्हणूनच विकले जाई. आज कपाशीत आणि मिरचीत मारतात ते इमिडाक्लोप्रिड त्याच्याच कुळातले. किडीच्या मज्जातंतूंवर ज्या जागी निकोटीन बसते, त्याच जागी तेही बसते. तेव्हा आंब्याच्या वासाचे ते गोड पाणी घरातल्या मोरीत धुणाऱ्या पोरा, तुझ्या हातावर सांडते ते विष आहे. ते कातडीतून आत जाते, आणि बाटली धाकट्या भावंडाच्या हाती लागली तर एखादा घोटही जिवावर बेतू शकतो. टाकी धुऊन चव जाते, पण नव्या बाटलीतून निकोटीन पुन्हा तेच येते. ती सिगारेट ओढूच नकोस.

धुवण कुठे टाकायचे, याचा कायदाही आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधला ४४ वा नियम सांगतो की रिकामे डबे, उरलेले औषध आणि धुवणाचे पाणी यांची विल्हेवाट अशी लावायची की पाणी आणि परिसर दूषित होणार नाही. डबे मोडून वस्तीपासून लांब पुरायचे. पण विहिरीच्या काठावर, पाटाच्या कडेला, नाल्यात पंप धुणे चालूच असते, कारण पाणी तिथेच असते. गोमाई प्रकाशाला तापीला मिळते आणि रंगावली नवापूरच्या अंगाने जाते. त्यांच्या काठांवर जनावरे पाणी पितात, बाया कपडे धुतात, पोरे डुंबतात. पाणी पंपाकडे न्या, पंप पाण्याकडे नेऊ नका. दोन डबे पाणी शेतात वाहून नेणे जड आहे, हे मान्य. तरी न्यावे.

राज्य सरकारने महाडीबीटीवरून बॅटरीचे फवारणी पंप अनुदानावर दिले, चांगले केले. आता त्या प्रत्येक पंपाबरोबर हातमोज्यांचा एक जोड आणि टाकीवर न निघणारे चित्र द्यावे: अर्धी टाकी पाणी, हलवा, फवारा, तीनदा. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि कृषी सहायकांनी पेरणीआधीच्या आठवड्यात गावोगावच्या बाजाराच्या दिवशी एक पंप उघडून, सुटा करून, धुऊन दाखवावा. दाखवणारा पावरी आणि मावची बोलणारा असावा आणि समोर मालकांबरोबर गडीही बसलेले असावेत.

आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तणनाशकाची बाटली पुढे सरकवण्याआधी दुकानदाराने एवढेच विचारावे: भाऊ, हे मारायला पंप कोणता आहे, आणि कपाशीला कोणता?