कंट्रोलरकाका आणि रिद्धपूरची गाडी

प्रवासाची खडान्‌खडा माहिती असलेला आणि स्वतः कुठेही न गेलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. कारंजा आणि मानोरा यांच्या मधल्या आमच्या इंझोरीत ही जागा कंट्रोलरकाकांनी भरून काढली आहे.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी नोकरी फलाटावरच्या खोलीत गेली. कोणती गाडी लागली, कोणती सुटली, कोणती वाटेत पंक्चर झाली, हे माईकवरून सांगायचं आणि ड्रायव्हर-कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकून सही ठोकायची. लाखभर लोक त्यांनी गावाला पाठवले असतील. स्वतः मात्र मुक्कामी गाडीने घरी आणि पहिल्या गाडीने ड्युटीवर, यापलीकडे त्यांच्या प्रवासाची कुठे नोंद नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हारतुरे घेऊन घरी आले, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "आता तरी रिद्धपूरले नेता का?"

काकू महानुभाव पंथाच्या, उपदेशी. रिद्धपूर म्हणजे पंथाची काशी. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव, अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. आमच्या इथून सकाळी निघालं की दुपारी पोचावं इतपत लांब. कोणीही दुसरा नवरा "चाल" म्हणाला असता किंवा "नाही" म्हणाला असता. काका म्हणाले, "नेतो ना. पण नुसतं रिद्धपूर काहून? पुरा मार्गच करू!"

त्या 'पुऱ्या मार्गा'ने घात केला.

चक्रधरस्वामी तेराव्या शतकात पायी हिंडले. जिथे बसले, जेवले, निजले ती प्रत्येक जागा पंथाने जपून ठेवली. तिथे ओटा बांधला, दंडवताची सोय केली, जवळ मठ उभा राहिला. चौदाव्या शतकात तर 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथच झाला. कोणत्या गावात कोणतं देऊळ, त्याच्या कोणत्या दिशेला कोणाचं घर, दार कोणीकडे, स्वामी कोणत्या बाजूला बसले होते, असा सगळा तपशील त्यात आहे. ही पोथी काकांनी एका मठातून वाचायला आणली. भाविक माणूस ती हात जोडून वाचतो, काकांनी लाल पेन घेऊन वाचली. आठवड्याने मत दिलं, "माणूस हुशार होता. पण किलोमीटर टाकले नाहीत. असा चार्ट आमच्या डेपोत कोणी पास केला नसता."

मग त्यांनी स्वतः चार्ट करायला घेतला. जाड पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर, पट्टीने आखलेले रकाने : स्थान, पोच, हॉल्ट, सुट, पिण्याचे पाणी, शेरा. मी ते रजिस्टर पाहिलं आहे. साळबर्डीच्या ओळीत लिहिलंय : 'स्वामींचा हॉल्ट १२ वर्षे. आपला हॉल्ट ४० मिनिटे.' लोणारसमोर शेरा : 'येथे यादव राजाची भेट. उन्हात सरोवरात उतरू नये, गुडघे.' मेहकर, माहूरचं देवदेवेश्वर, पैठण, गोदाकाठचं पांचाळेश्वर, खाली पार फलटणपर्यंत अशा ओळी उतरत गेल्या आहेत. फलटणपुढे शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात 'क्रू बदल?' असं लिहिलेलं आहे. क्रू म्हणजे काका आणि काकू. बदलून कोणाला आणणार होते, हे विचारायची हिंमत मी केली नाही.

रजिस्टरची एक झेरॉक्स प्रत त्यांनी तुरीच्या कोठीत ठेवली आहे. का, तर चक्रधरस्वामींच्या चरित्राची, म्हणजे लीळाचरित्राची, मूळ प्रत खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि मग लोकांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला, हे त्यांनी वाचलं होतं. "खिलजी काय सांगून येते का भाऊ?" ते मला म्हणाले. इंझोरीत खिलजी कशाला येईल, हा माझा प्रश्न त्यांना अगदीच बेजबाबदार वाटला.

मार्ग ठरला, आता तारीख. इथे काकांचा अनुभव कामाला आला आणि कामाचं मातेरं झालं. महाशिवरात्रीला निघावं, तर साळबर्डीला महादेवाची जत्रा, पाय ठेवायला जागा नाही. रामनवमीला निघावं, तर "साऱ्या जादा गाड्या पोहरादेवीले जातात, डेपोत उभं राहाले गाडी सापडत नाही." बंजारा समाजाची ती मोठी यात्रा आमच्याच तालुक्यात, तेव्हा बोलायची सोय नाही. वैशाखात लग्नं, म्हणजे गाड्या प्रासंगिक करारावर. आषाढात पंढरपूर. श्रावणात निंदण. दसऱ्याला सोयाबीन, मग कापूस, मग हरभरा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, "पोट्ट्यायनं सीटा फाडून ठेवलेल्या असतात." बाराही महिने एकेक करून काट मारली की मधे एखादा आठवडा उरायचा. त्या आठवड्यात काकांना सर्दी व्हायची.

2021 च्या दिवाळीत मात्र बेत अगदी घट्ट ठरला होता. पिशव्या भरल्या, दशम्या झाल्या. तोच एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात काकांचा चेहरा मी रोज पारावर पाहत होतो. वरून दुःख होतं. आतून मात्र, वरच्या अधिकाऱ्याने लेखी रद्द केलेल्या फेरीबद्दल कंट्रोलरला जो निर्मळ आनंद होतो, तो होता.

संप मिटला आणि सरकारने ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आता निघायला हरकत नव्हती असं तुम्हाआम्हाला वाटेल. काकांनी रजिस्टरला 'भाडे' हा नवा रकाना जोडला. ते तेव्हा एकाहत्तरीचे, ज्येष्ठांचं अर्धं तिकीट त्यांना होतंच. "आता अर्ध्या तिकिटानं जाऊन घाटा खाऊ काय? चार वर्षं थांबलो तं पुरं फुकट!" त्याच हिशेबात पुढे त्यांनी गावातल्या पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांची यादी केली. गट जितका म्हातारा तितकी सहल स्वस्त, असा तो सिद्धांत. यादीतली दोघं-तिघं मधल्या काळात वारली. काकांनी त्यांच्या नावापुढे 'रद्द' लिहिलं.

एकदा मी न राहवून म्हणालो, "काका, ज्यांच्या मागं जायचं ते चक्रधरस्वामी आधी एकटेच हिंडत होते. कोणतं गाव, कोणाकडे जेवण, काही ठरलेलं नाही. आणि रिद्धपूरचे गोविंदप्रभू तर मनात येईल त्या घरात शिरायचे, दिसेल ते खायचे." काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तं म्हाइंभटाले किती तरास झाला पाह्य!"

हे उत्तर मी नंतर बरेच दिवस चघळत होतो, कारण त्यात तथ्य आहे. स्वामींच्या मागे म्हाइंभट माणसामाणसाकडे गेले. काय पाहिलंत, कुठे पाहिलंत, असं विचारून लीळा गोळा केल्या आणि रिद्धपुरात बसून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ असा चौकशा करणाऱ्या माणसामुळे उभा राहिला. पुढे ओटे मोजणारे, दिशा लिहिणारे आले. हिंडणारा एक असतो, पण तो कुठे कुठे थांबला हे सांगायला मागे रजिस्टरवालेच लागतात. काका त्याच खानदानातले. फरक इतकाच, की म्हाइंभट घराबाहेर पडले होते.

कोणीतरी सुचवलं, की लांबचं राहू द्या, आपल्या कारंज्यातच जैन भट्टारकांच्या तीन गाद्या होत्या, सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ. जुन्या हस्तलिखितांची भांडारं आहेत. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान तिथेच. पलीकडे शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ. एका दिवसात आटपेल. एका दिवसात आटपेल हे ऐकूनच काका दचकले. "तो येगळा रूट आहे," म्हणाले, आणि दुसरं रजिस्टर आणलं.

या पौषात काकूंनी निकाल लावला. दुपारी दाण्याच्या शेंगा फोडायला बसलेल्या चार बायका. बोलता बोलता एक म्हणाली, जाऊ का? दुसरी म्हणाली, जाऊ. काकू घरात आल्या, लुगडं बदललं, पिशवीत दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा टाकला. काका रजिस्टर घेऊन मागे मागे : "अमरावतीले कोणती गाडी धरता? पुढची जोडणी पाह्यली का?"

"रजिस्टर पाहून पाहून मले सारे ओटे पाठ झाले," काकू म्हणाल्या. "आता डोयानं पाहू द्या."

गेल्या. कारंजा, अमरावती, जी मिळेल ती गाडी, शेवटी एका ऑटोतून रिद्धपूर. रात्री मठात राहिल्या, सकाळी सगळीकडे दंडवत घातले. एका ओट्यावर बसून शेंगाही खाल्ल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाट्यावर उतरल्या, तर काका तिथेच रजिस्टर उघडून उभे.

"अमरावतीहून कितीले सुटली?"

"मले काय माहीत. बसलो अन् आलो."

"गाडी नंबर?"

"लाल होती."

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पोच टाकली, शेऱ्यात 'अनियमित' लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना हात थोडा रेंगाळला. मग हळूच विचारलं, "गोविंदप्रभूच्या मढाचं दार कोणीकडे आहे? पोथीत लिहिलं तसंच आहे का?"

"जाऊन पाहा," काकू म्हणाल्या. "पुढच्या पंधरवड्यात आम्ही माहूरले चाललो. मानोरा, दिग्रस, मंग कशी गाडी भेटन तशी. तुमचं नाव घेऊ का?"

काकांनी टोपण लावून पेन खिशात खोचलं.

"वेटिंगवर टाक," म्हणाले.