हेप्सिडिना, कोठाराचं दार सोड

हेप्सिडिना,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुला तो लिहायला माझा हात धजत नाही.

वर्षभर मी आईलाच बोल लावले. "धड जेवत नाहीस, मग अंगात रक्त येणार कुठून?" खजूर आणले, बीट किसलं. त्यातलं पोटॅशियम तिच्या थकलेल्या मूत्रपिंडांना झेपत नाही, हे डॉक्टर रागावले तेव्हा कळलं. रक्तवाढीची गोळी ती नेमाने घ्यायची. पोट आवळायचं, शौचाला काळं व्हायचं, तरी तक्रार नाही. जिन्याच्या सहाव्या पायरीवर मात्र कठडा धरून थांबायची. खालची पापणी ओढली की आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन 8.2.

मग दोन आकडे हाती आले. फेरिटिन 430, म्हणजे कोठारात लोह आहे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 14 टक्के, म्हणजे ते वाहून नेणाऱ्या गाड्या रिकाम्या. कोठार भरलेलं आणि घर उपाशी! तेव्हा तुझं नाव कळलं.

यकृतात तयार होणारं, 25 अमिनो आम्लांचं एवढंसं संप्रेरक तू. पेशीतून लोह बाहेर पडायला फेरोपोर्टिन हे एकच दार, आणि तू नेमकं तेच मोडीत काढतोस. मग गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीतच अडकतं. जंतूंच्या हाती लोह लागू नये म्हणून तू दार लावतोस, ते तुझं कामच. पण मूत्रपिंडं थकली की तुझा निचरा होत नाही, शरीरातला दाह तुला आणखी वाढवतो, आणि जंतू नसतानाही तुझा पहारा उठत नाही. त्यात लाल रक्तपेशी घडवायला लावणारं, मूत्रपिंडांतून येणारं एरिथ्रोपोएटिन आधीच घटलेलं.

आता डायलिसिसच्या वेळी आईला सलाइनमधून आयर्न सुक्रोज देतात. कोऱ्या चहासारखं तपकिरी, नळीतून सावकाश उतरणारं. आतड्यातला तुझा पहारा चुकवून ते थेट रक्तात जातं. सोबत एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. अधूनमधून दोन्ही आकडे पुन्हा तपासायचे, कारण लोह जास्त झालं तरी घातच.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तू घरोघरी लपून बसतोस आणि शिव्या रुग्ण खातो. आईला बोललेले शब्द मला परत घेता येत नाहीत. निदान दुसऱ्या घरात ते कुणी बोलण्याआधी दोन्ही आकडे पाहावेत.

तिची मुलगी