दोन साप, दोन पंख

डॉक्टरांच्या मोटारींच्या काचांवर आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर काठीला वेटोळे घातलेले दोन साप व वर दोन पंख, असे चिन्ह दिसते. वैद्यकाचे मूळ ग्रीक चिन्ह निराळे: आरोग्यदेव अस्क्लेपिअसची काठी, साप एकच, पंख नाहीत. पंखवाली काठी हर्मिसची. तो व्यापाऱ्यांचा, प्रवाशांचा आणि चोरांचा देव. १९०२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने ती स्वीकारली. पुढे ती दूरवर पसरली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या न्यायाने इथे परभणीतही पोहोचली.

काही अभ्यासक हिला चूक म्हणतात. हा अन्याय आहे. इतके प्रामाणिक बोधचिन्ह दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाकडे नाही. एक साप तपासणी फीचा, दुसरा औषध दुकानाचा; पॅथॉलॉजी आणि सोनोग्राफीसाठी आणखी दोन जोडल्यास चिन्ह अद्ययावत होईल. पंख बिलाचे आहेत. मृतात्म्यांना पाताळापर्यंत पोहोचवण्याचे कामही हर्मिसकडेच असल्याने सर्व सेवा एकाच छताखाली मिळतात.

जिंतूर, गंगाखेडच्या शिवारात साप चावलेला रुग्ण याच चिन्हाखालून आत नेला जातो. शेतातला साप निदान बिनविषारी असू शकतो.