श्रद्धा, सबुरी आणि अठरा टक्के जीएसटी

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी वर्कशॉपचा फोन येतो. तो बसून घ्यावा, हे मी अनुभवानं शिकलो आहे. ब्रेक पॅड झिजलेले असतात, वायपरचं रबर कडक झालेलं असतं, एसीच्या फिल्टरमध्ये उंदरानं संसार थाटलेला असतो. या खेपेला मात्र सर्व्हिस ॲडव्हायझरचा आवाज जरा जास्तच हळवा लागला होता.

"सर, तुमच्या गाडीचा मॅप फारच जुना झालाय. अपडेट करून टाकू?"

"किती?" मी विचारलं. मध्यमवर्गीय माणूस 'काय'च्या आधी 'किती' विचारतो.

"नऊ हजार, प्लस जीएसटी."

अठरा टक्के धरून 10,620 रुपये. एवढ्या पैशांत मिळणार काय, तर अंगठ्याच्या नखाएवढं एक एसडी कार्ड. तेही गाडीच्या चासी नंबरला जखडलेलं. म्हणजे शेजाऱ्याला उसनं देता येणार नाही, भावाला वापरून बघ म्हणता येणार नाही. आमच्या घराण्यात वर्षानुवर्षं एकच प्रेशर कुकरची शिट्टी तीन घरांत फिरली आहे. त्या संस्कृतीला हे मानवणं कठीण.

आता खरं सांगायचं तर या यंत्रासाठीच मी 2018 साली वरचं मॉडेल घेतलं. खालच्या मॉडेलमध्ये चाकं, इंजिन, ब्रेक वगैरे किरकोळ वस्तू होत्या; वरच्यात नेव्हिगेशन होतं. पहिल्या महिन्यात पाहुणे आले की मी त्यांना गाडीत बसवून सारसबागेला नेत असे आणि जन्मापासून पाठ असलेला रस्ता यंत्राला विचारत असे. यंत्रातली बाई इंग्रजीतून 'ज्ञानेश्वर पादुका चौक' म्हणायचा प्रयत्न करायची. पाहुणे हसायचे. तेवढ्यात सारसबाग यायची. पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं.

मग महाराष्ट्र हलायला लागला.

चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला. पूल पुण्याचा असल्यामुळे एका सांगण्यात पडला नाही. उरलेला भाग यंत्रं लावून पाडावा लागला. पण पडला. 12 ऑगस्ट 2023 ला तिथे नव्या रस्त्यांचं असं वेटोळं सुरू झालं की कोथरूडहून निघालेला माणूस एक वळण चुकला तर थेट मुळशीच्या दिशेला लागतो. आमच्या यंत्रात मात्र तो पूल दिमाखात उभा आहे. विद्यापीठ चौकातला 2020 साली पाडलेला पूलही आहे. मी रोज दोन मेलेल्या पुलांवरून गाडी नेतो आणि बाईच्या आवाजात कंप सुद्धा येत नाही.

पण खरी परीक्षा झाली गेल्या दिवाळीत. सासुरवाडी नागपूरची. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, तेव्हापासून आमच्या हिच्या माहेरच्या ओढीला सरकारी अधिष्ठान मिळालं. पुण्याहून निघालो. पहिला मुक्काम अहिल्यानगर. यंत्र म्हणालं, असं गाव नाही. बरं, मग छत्रपती संभाजीनगर. तेही नाही. शेवटी मी गाडीची काच वर केली, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हळूच जुनं नाव टाइप केलं. लगेच सापडलं.

सावंगीला समृद्धीवर चढलो आणि यंत्राच्या पडद्यावरून रस्ताच गेला. मागे राहिलं एक करडं मैदान आणि त्यात आमच्या गाडीचा निळा बाण. बाणाला रस्ता नव्हता, गाव नव्हतं, ओढा नव्हता. वेगाची मर्यादा ताशी 120, त्या वेगानं आम्ही यंत्राच्या मते जालन्यापुढे कुणाच्या कपाशीतून, सिंदखेडराजाजवळ कुणाच्या तुरीतून आणि मेहकरपाशी कुणाच्या सोयाबीनमधून चाललो होतो. बाई हादरली होती. दर दोन मिनिटांनी म्हणत होती, शक्य तिथे यू-टर्न घ्या. समृद्धीवर यू-टर्न घेणं शक्य असतं तर तो बातमीतच छापून आला असता, आणि तोही आमच्या फोटोसकट.

मी विचार करत होतो तो वेगळाच. या जमिनी संपादित झाल्या, मोबदले वाटले गेले, त्या मोबदल्यांवरून भावाभावांत कोर्टकज्जे झाले, आणि मुख्य म्हणजे तलाठ्यानं सातबाऱ्यावर फेरफार नोंदवला. तलाठ्यानं! ज्या कामात तलाठी आपल्या पुढे निघून जातो, ते काम करणाऱ्या यंत्रानं स्वतःला अद्ययावत म्हणवून घ्यावं का, याचा त्यानंच विचार करावा.

परतीच्या वाटेवर ठाण्याला मेहुण्याकडे उतरायचं होतं, म्हणून समृद्धी शेवटपर्यंत, आमण्यापर्यंत धरली. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. आता इथे गाडीतल्या यंत्राची थोरवी सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. डोंगराच्या पोटात उपग्रहाचा संदेश पोचत नाही, त्यामुळे फोन गोंधळतो. गाडीतल्या यंत्राला मात्र चाकं किती फिरली, गाडी कुठे वळली हे आतूनच कळत असतं. त्यामुळे ते अंदाजानं बिनचूक पुढे सरकत राहतं. आमचंही सरकलं. फक्त बोगदा खोदल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमची गाडी त्यानं सह्याद्रीच्या माथ्यावरून नेली, कडे उतरवली, दऱ्या ओलांडल्या. मावळ्यांनाही घोरपड लागली असती. आम्ही पेट्रोलवर गेलो.

तर, ॲडव्हायझरला मी शांतपणे विचारलं, "नव्या कार्डात समृद्धी आहे का?"

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "आहे सर. नागपूर ते शिर्डी."

म्हणजे 11 डिसेंबर 2022 ला खुला झालेला तेवढा पहिला टप्पा. त्यापुढचं या कार्डाच्या गावीही नाही. 10,620 रुपये भरून मी साईबाबांच्या दारापर्यंत पोचणार. तिथून पुढे श्रद्धा आणि सबुरी.

"पण हा सर्वांत लेटेस्ट मॅप आहे ना?"

"हो सर, आमच्याकडे आलेला लेटेस्ट आहे."

या वाक्यातल्या 'आमच्याकडे आलेला' या दोन शब्दांवर एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे. तिचा इतिहासही जुना आहे. होंडानं 1981 साली जपानात गाडीत बसवायचं पहिलं नकाशायंत्र विकायला काढलं, इलेक्ट्रो जायरोकेटर नावाचं. त्यात उपग्रह नव्हता. वायूवर चालणारा जायरोस्कोप गाडीची वळणं मोजायचा आणि पडद्यासमोर पारदर्शक कागदावर छापलेला नकाशा असायचा. गाडी कागदाच्या काठाला आली की माणसानं हातानं पुढचा कागद घालायचा. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीनं नकाशे कॅसेटवर आणले. त्या एका कॅसेटमध्ये मोठं शहर मावत नसे. पुढे सीडी, डीव्हीडी, आणि आता कार्ड. बाकी सगळं बदललं, पण ग्राहकाच्या पाकिटातून निघणारा रस्ता चाळीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. नकाशाचं मोल कळलेली माणसं जगात आहेतच. आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तीन कंपन्यांनी 2015 साली वर्गणी काढून नोकियाची नकाशांची कंपनी 280 कोटी युरोंना विकत घेण्याचा सौदा केला. गणेशोत्सव सोडून अन्य कारणासाठी तीन प्रतिस्पर्धी एकत्र आल्याचं उदाहरण आमच्या पेठेत तरी नाही.

मला कोडं पडतं ते एकच. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. ते अमेरिकन सरकारनं सोडले, अमेरिकन करदात्यानं त्यांचं भाडं भरलं, आणि तिथून येणारा संदेश आख्ख्या जगाला फुकट आहे. वर्कशॉपच्या काउंटरची रुंदी फार तर दोन फूट. त्या दोन फुटांवरून हे कार्ड इकडे सरकवायला 10,620 रुपये लागतात. आमच्याकडे शेवटचे दोन फूटच नेहमी महाग असतात. टँकरच्या पाण्याला विचारा.

साहजिकच सगळे फोनकडे वळतात. काचेला चिकटवायचा स्टँड दोन-अडीचशेला मिळतो, फोनमधली बाई मराठी बोलते, आणि कुठे ट्रॅफिक तुंबलंय ते लाल रेघेनं दाखवते. ते तिला कसं कळतं? तुमच्या-आमच्या खिशातले फोन किती हळू सरकतायत यावरून. 2020 साली सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं बर्लिनच्या रस्त्यावरून एका हातगाडीत 99 जुने फोन घालून ती ओढत नेली, आणि रिकामा रस्ता नकाशात लाल झाला. जर्मनीत या गोष्टीला 99 फोन लागतात. लक्ष्मी रोडवर नुसती हातगाडी पुरते.

पण फुकट फोनवरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही, हे सांगणं भाग आहे. 2024 च्या नोव्हेंबरात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तीन माणसं गेली. नकाशाला तो पूल पुरा वाटला होता. आपल्याकडे 2021 च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता, नकाशात तो कोरडा होता, आणि त्यात एकाचा जीव गेला. गेल्या वर्षी जुलैत बेलापूरला एक महिला उलव्याकडे निघाली ती जेट्टीवरून गाडीसकट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते म्हणून वाचली. यावर विनोद सुचत नाही. एवढंच म्हणतो की काचेतून बाहेर बघण्याचं अपडेट अजून फुकट आहे.

आमच्या गाडीत सध्या तिन्ही व्यवस्था चालू असतात. गाडीतली बाई इंग्रजीतून म्हणते, उजवीकडे. फोनमधली बाई मराठीतून म्हणते, सरळ. आणि शेजारच्या सीटवरून, कुठलाही उपग्रह न वापरता, आवाज येतो, "अहो, डावीकडे घ्या, मला ब्लाउज टाकायचाय." आजवरच्या नोंदी बघता गाडी कुठे वळते, हे सांगायला नको.

एवढं सगळं बोलून मी ॲडव्हायझरला म्हणालो, "कार्ड नको." त्याला वाईट वाटलं. मग त्यानं उंदराचं प्रकरण काढलं आणि साधारण तेवढ्याच रकमेवर आमचं एकमत झालं. संध्याकाळी ड्रायव्हर गाडी घरपोच आणून देईल, असंही ठरलं.

सात वाजता ड्रायव्हरचा फोन आला. मुलगा तरुण होता, नुकताच लातूरकडून आलेला.

"सर, कुठून यायचं? तुमची गाडी तर म्हणतीये की पोचलो, पण इथं बिल्डिंग नाही, मेट्रोचा खांब आहे. लोकेशन टाका ना व्हॉट्सॲपवर."

लोकेशन मला टाकता येत नाही अशातला भाग नाही. पण पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरचा पत्ता यंत्राकडून सांगवून घ्यायचा म्हणजे जरा कमीपणाच. ज्या गावात लकडी पुलाला लाकूड नाही आणि नळ स्टॉपला नळ नाही, तरी माणूस चुकत नाही, त्या गावचे आम्ही. मी घसा साफ केला.

"हे बघा, काही लागत नाही. खांबाला पाठ करा. पुढे विजूची पिठाची गिरणी लागेल, तिथून डावीकडे. मग गोडबोले डॉक्टरांचा बंगला, त्याच्या समोर चिंचेचं झाड. झाडाच्या बरोबर मागे आम्ही."

बराच वेळ फोनवर नुसते हॉर्न ऐकू आले.

"सर, गिरणी दिसत नाहीये."

"दिसणार कशी? दोन हजार अकरालाच पाडली."

"आणि चिंच?"

"चिंच त्याच्या आधी."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. ही स्वयंपाकघरातून आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "थांब रे बाळा, मी पाठवते लोकेशन. त्यांचा मॅप जुना आहे."