गाडीच्या नादी लागलेल्या भाच्याचे आप्तेष्टांस अनावृत पत्र

ती. मामा, आत्या, दाजी, ताई आणि बसस्थानकासमोरच्या कट्ट्यावरील समस्त मित्रमंडळ, मु. पो. गेवराई,



माझ्या रेसिंगच्या नादाची घराघरांत चाललेली काळजी कानावर आली. ‘शिकलेलं पोरगं, अन् पैसे भरून गोल गोल फिरतंय,’ हे दाजींचं म्हणणं मला पटतं. जीव धोक्यात घालायला पैसे कशाला मोजायचे? गेवराईकराला ही सोय दारात आहे. सोलापूर–धुळे रस्ता, महामार्ग ५२, म्हणजे आपला जुना २११.

दाजी, शहागडचा गोदावरीचा पूल मागे पडला की तुमचा पाय कसा जड होतो, ते मी मागच्या सीटवरून पाहिलंय. शेजारी आत्या, तिच्या मांडीवर नातू. पट्ट्याची क्लिप आधीच खोचून ठेवलेली, म्हणजे गाडी उगाच केकाटायला नको. पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. मागं ना लाल दिवा, ना रेडियम. समोरून राँग साइडनं येणारा दुचाकीवाला, तोही फोनवर. याला आपल्याकडं प्रवास म्हणतात. हाच वेग बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, लोखंडी पिंजरा बसवलेल्या गाडीत, बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स उभी करून गाठला की घराणं बुडायला निघतं.

बरं, कायद्याला आपल्या कुटुंबाची परंपरा कळत नाही. विनापरवानगी सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. मला मात्र लायसन्स काढावं लागतं. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं. डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. गाडी ट्रॅकवर उतरवण्याआधी ब्रेक, टायर, पट्टे, बॅटरीची पकड, सगळं तपासणारा माणूस असतो. तो एकदा पाडळशिंगीच्या टोलनाक्यावर उभा केला, तर बीडचं लग्न वऱ्हाडाविना लागेल.

मामा, शर्यतीचं वावडं तुम्हाला तरी नसावं. बैलांचा शंकरपट बंद होता तेव्हा तुम्ही जेवणावरून उठायचात. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शिक्का मारला, तेव्हा पेढे तुम्हीच वाटले. तुम्हाला जोडीतल्या डाव्या बैलाची वंशावळ पाठ आहे. मी सस्पेन्शनबद्दल बोललो की तुम्हाला झोप येते. आमच्या गाडीला शेपूट नाही, एवढाच माझा गुन्हा.

पण खरा मुद्दा ताईचा. मोटारस्पोर्टात टीएसडी नावाचा एक प्रकार आहे; वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशोब. घरचीच गाडी, उघडाच रस्ता. आयोजक हातात रोडबुक देतात: कुठं वळायचं आणि कुठल्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा. मध्येच लपलेल्या चौक्या तुमची वेळ टिपतात. उशीर झाला तर दंडगुण, आणि लवकर पोचलात तरी दंडगुण. दाजी, पुन्हा वाचा: लवकर पोचलात तरी. शेजारी बसणारा नेव्हिगेटर ‘हळू’ म्हणाला की हळूच चालवावी लागते. ताई लग्न झाल्यापासून हेच काम विनामोबदला करतेय. तिथं त्याला चषक मिळतो. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, १९१९ सालची जुनी संस्था, खास बायकांची रॅली भरवत आली आहे. पुण्याचे संजय टकले डाकार रॅलीच्या वाळूत उतरले, तेव्हाही शेजारी वाट सांगणारा माणूस होताच. दाजी, तुम्हाला मात्र गेवराई ते गढी एवढ्या अंतरातही बायकोचं ऐकणं कमीपणाचं वाटतं!

आत्याला ट्रॅकवर झेंडे दाखवणारी मार्शल करायचं माझ्या मनात आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे थांब. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतीय, वाट दे. काळापांढरा तिरका म्हणजे नीट वाग, नाहीतर बाहेर काढीन. हा शेवटचा तिला शिकवावा लागणार नाही, आमच्या घरी तो रोजच फडकतो.

नाणोलीचा ट्रॅक पडला तळेगावकडं, पुण्याच्याही पलीकडं. तिथवर तुम्हाला न्यायचं तर दाजीच गाडी चालवणार, म्हणून धीर होत नाही. त्यापेक्षा मामांनी उन्हाळ्यात कापूस उपटलेलं रान एक दिवस द्यावं. कोन मांडू, एका वेळी एकच गाडी सोडू, घड्याळ लावू. याला ऑटोक्रॉस म्हणतात. काळी माती आहे, तेव्हा वळवाचा पाऊस झाला तर बेत रद्द; चाकाला बैलगाडीएवढा चिखल चिकटतो. अ‍ॅम्ब्युलन्सचं मी बघतो. स्वयंपाकाचं दाजी बघतील, कारण ताईचा नंबर पहिला लावलाय.

आपला,
भाचा

ता. क. : दाजींच्या गाडीची तपासणी आदल्या दिवशी होईल. नापास झाल्यास जावयाचा मान मध्ये आणू नये.